मोठीआईची झाकली वाकळ

मोठीआई माणसाच्या तोंडाकडे पाहण्याआधी त्याच्या कपड्यांकडे पाहायची. एखादं कापड तिच्या मनात भरलं, तर ते फाटणार कधी, हे ती सरळ तोंडावर विचारायची. एकदा शाळा तपासायला आलेले साहेब आमच्या अकोल्याच्या घरी चहाला थांबले. त्यांच्या डोक्याला गडद जांभळा फेटा होता. माझे वडील शाळामास्तर, ते इंग्रजीत अदबीनं काहीतरी सांगत होते, आणि मध्येच दाराआडून आवाज आला, "सायेब, थो फेटा इरला का मास्तरापाशी धाडून देजा बरं. काठाले लावाले कामी येते." वडिलांचा चेहरा उतरला. साहेब मात्र खळखळून हसले. पुढे त्यांची बदली झाली, तेव्हा शिपायाच्या हाती तो फेटा खरोखरच आमच्या घरी आला.

अनघा, तू पत्रात लिहिलंस की तिकडे तू गोधडी शिवणाऱ्या बायकांच्या मंडळात गेली आहेस. नक्षी कोणालाच ठाऊक नसते, दर महिन्याला थोडी थोडी सांगतात, रंग मात्र सगळे आधीच निवडून ठेवायचे असतात. "पुढे काय होणार हे माहीत नसताना रंग निवडायचे कसे, आजी?" असं तू विचारलंस. सोबत माझ्यासाठी कापडांचं पार्सलही पाठवलंस. ते मिळाल्याबरोबर मी तुला फोन केला आणि "तू बरी आहेस ना?" हे एवढ्यांदा विचारलं, की तुला हसू आलं. तुझ्या भावानं, निखिलनं, मागून "आजीला काय झालं?" असं विचारलेलंही मला ऐकू आलं. तुमच्या दोघांच्याही प्रश्नाचं उत्तर मोठीआईपाशी आहे, म्हणून तिच्याविषयी नीट लिहून ठेवते.

मोठीआई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. वऱ्हाडात अशा काकूला मोठीआईच म्हणतात. तेल्हाऱ्याजवळच्या खेड्यात त्यांची काळी जमीन होती. काका लवकर गेले. एकुलती एक मुलगी गंगूताई लग्न होऊन तिवशाला गेली, तेव्हा मोठीआईनं जमीन वाट्यानं लावली आणि ती एक लाकडी पेटी व चिंध्यांचं गाठोडं घेऊन आमच्याकडे राहायला आली. थोराड हाडाची, कापूस वेचून वेचून बोटांची टोकं घट्टे पडलेली. आवाज असा, की शेजारच्या पुण्याकडच्या हेडमास्तरीणबाईंना वाटे ही सदा भांडत असते. एकदा त्या समजूत घालायला आल्या. मोठीआई म्हणाली, "भांडून नाई राहिली वो बाई, मीठ मांगून राहिली."

घरात ती वाकळी शिवायची. तुम्ही जिला गोधडी म्हणता तीच वाकळ. मोठीआईच्या तोंडी 'वाकय'. तिच्या माहेरच्या बायकांची एक रीत होती, झाकल्या वाकळीची. नक्षी शिवणारीच्या डोक्यात असते आणि ती शेवटपर्यंत कोणाला सांगायची नाही. जिच्यासाठी वाकळ असेल तिनंच कापड द्यायचं, काठाला तेवढं दुसऱ्याचं चालतं; पण कोणता तुकडा कुठे बसणार हे तिला कळू द्यायचं नाही. शिवणारीनं फक्त मागायचं: एक अंधाराचं दे, एक उजेडाचं दे, एक सांजेचं दे. काठापासून शिवत आत यायचं आणि मधलं घर सगळ्यात शेवटी भरायचं. कापड मात्र अंगावर वापरून विरलेलंच हवं. कोरं कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि शेजारच्या जुन्या कापडाला ओढून फाडतं. मोठीआईचं कारण जरा वेगळं होतं, ओळखीचं. ती म्हणायची, "कोऱ्या कापडाले माणसाची वयख नसते. त्याले वाकयीत कोन बसवते?"

मी तेव्हा इंग्रजी शाळेत जाऊ लागले होते. रंगांची नावं नुकतीच पाठ झाली होती आणि ती कोणाला तरी ऐकवायची हौस होती. एका दुपारी मी तिच्यासमोर चिंध्या मांडून बसले.

"मोठीआई, हा व्हायोलेट."

"थो आंधाराचा."

"हा इंडिगो."

"थोही आंधाराचा. तुह्या इंग्रजीत आंधाराले किती नावं हायेत वो पोट्टे?"

"आणि हा स्कार्लेट. हा तरी उजेडाचा?"

"सांजेचा."

"अगं, लालभडक आहे तो!"

"नाव पुसून काय करतं? डोये अर्धे मिट अन् पाह्य. जे आंधी बुडते थे आंधाराचं. जे वरतं तरंगते थे उजेडाचं."

"मग सांजेचं कोणतं?"

"ज्याचं तुले काईच समजत नाई, थे."

मी डोळे अर्धे मिटून पाहिलं. काळी चंद्रकळा आणि जांभळा फेटा एकमेकांत बुडून गेले, धुवट पिवळी चोळी वर आली, आणि लाल, अंजिरी, मोरपंखी यांचं मला खरोखरच काही कळेना. अनघा, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर एवढंच आहे.

त्या वर्षांत ती शिवत होती ती वाकळ गंगूताईची होती. गंगूताई माहेरी येईल तेव्हा तिच्या अंगावर घालायची, म्हणून मांडलेली. पण गंगूताई येत नव्हती. तिच्या लग्नात मानाचा शेला आधी नवरदेवाच्या मामाला द्यायचा होता. काका नसल्यामुळे वडील पुढे झाले आणि गडबडीत त्यांनी तो चुलत्याच्या खांद्यावर ठेवला. मामा जेवणाच्या पानावरून उठले. विहीणबाई जाताना म्हणाल्या, "ज्यायले मानाची रीत मालूम नाई, त्यायच्या दारात आमची सून येनार नाई." हे रागाचं बोलणं आहे, चार महिन्यांत निवळेल, असं सगळ्यांना वाटलं. ते निवळलं नाही. वडील नवा शेला घेऊन माफी मागायला गेले, तर त्यांना ओट्यावरूनच परत पाठवलं. बोलावणं नसताना लेकीच्या दारी मोठीआईनं जाणं तर कोणाच्या मनातही आलं नसतं. तिनं वडिलांना फक्त एकदा टोचलं. "मास्तर, तुमी साऱ्या शाया शिकले. येक मान शिकाचा राह्यला."  त्या दिवशी वडील जेवायला उठले नाहीत, आणि मग मोठीआईच ताट घेऊन त्यांच्यापुढे बसली.

आमच्याकडे भाजी घालायला पार्बती माळीण येत असे. तिचं माहेर तिवशाच्या पलीकडच्या एका वाडीत होतं. सणावारी ती माहेरी जायची, तेव्हा तिवशाच्या बाजारात गंगूताईची थोरली जाऊ तिला भेटे. गंगूताईला बाजारात येऊ देत नसत, पण ही जाऊ चांगली होती. मोठीआईचं मागणं पार्बती तिच्या कानावर घाली आणि पुढच्या खेपेला गंगूताईनं निवडलेलं कापड भाजीच्या टोपलीत, मेथीच्या जुड्यांखाली दडवून घेऊन येई. लेकीची खुशाली कळण्याची तेवढी एकच वाट होती. वाकळीचं काम अशानं वर्षावर वर्ष चाललं, आणि मोठीआईला त्याची मुळीच घाई नव्हती.

कापड आलं की ती आधी ते नाकाला लावायची. आमच्याकडे चुलीत पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, जाळत. "पऱ्हाटीचा धूर हाय. चुलीम्होरंच बसून राह्यते माही पोट्टी." मग ते उन्हाकडे धरायची. एकदा चंद्रकळेचा तुकडा आला, मधोमध जाळी झालेला. आमची आई जवळ होती, ती घाबरून म्हणाली, "बाई, हे असं कसं फाटलं?" मोठीआईनं तुकडा बोटांवर ताणून पाहिला आणि तिचा श्वास मोकळा झाला. "वढून नाई फाटलं. बसून बसून इरलं. हात नाई टाकत तिच्यावर कोनी." दुसऱ्या एका खेपेला अंजिरी काठावर हळदीच्या बोटांचा डाग होता. तो पाहून ती दिवसभर खूश होती. "सन झाला घरात. अन् पदराले हात पुसाची सवय गेली नाई भवानीची." तो डाग तिनं धुतला नाही, तसाच शिवला. तोंडानं शिव्या देत टाका मात्र असा घालायची, की पाहणाऱ्याला वाटावं, कापडाला लागेल म्हणून जपते आहे.

आणखी एक सवय होती तिची. अस्तर आणि वरचं कापड यांच्यामध्ये ती जुन्या धोतरांचे थर घाली. त्यात काकांची धोतरं होती. थर बंद करण्याआधी ती चिमूटभर ज्वारी आत टाके. मी म्हटलं, "उंदीर लागतील." तर म्हणाली, "लागू दे. वाकयीचं पोट रिकामं ठेवलं त माह्या पोट्टीले ऊब कशी भेटन?"

अंधाराचे तुकडे भरपूर येत, सांजेचेही येत. उजेडाचे मात्र कमी पडू लागले. काठ झाला, त्याच्या आतली ओळ झाली, त्याच्याही आतली झाली, आणि मधलं घर राहिलं. तिथं उजेडाचंच कापड हवं होतं. मोठीआईनं पार्बतीकडून निरोप धाडला. संत्र्यांच्या हंगामात पार्बती परत आली ती रिकाम्या हातानं, पण तोंडभर हसत.

"गंगूबाईनं सांगून धाडलं," ओट्यावर टोपली टेकवत ती म्हणाली, "का उजेडाचं लुगडं येकच हाय माह्यापाशी, मोतिया रंगाचं, लाल काठाचं. थे आजून फाटलं नाई. आईले म्हना, मी येईन तवा थेच नेसून येईन. मंग आपल्या हातानं पदर फाडजो अन् लावजो मंधात."

"येईन म्हनली?" मोठीआईनं विचारलं.

"सासूचा राग उतरला जरा, असं जाऊबाई म्हने. दिवायीले धाडतीन काय की."

त्या दिवशी मोठीआईनं पार्बतीची सगळी वांगी घेतली. आम्ही तीन दिवस वांगी खाल्ली. आई कुरकुरली, तर मोठीआई म्हणाली, "खा वो. लेकीच्या सांगाव्याची हायेत." वाकळ घडी घालून पेटीत ठेवली गेली. मधलं घर तेवढं मोकळं, काकांच्या धोतराचा पांढरा थर दिसत असलेला. मग ती माझ्याकडून रोज अंगण झाडून घ्यायची. पाहुणी यायला अजून पावसाळा जायचा होता.

पावसाळा संपत आला. महालक्ष्म्यांचं जेवून पार्बती माहेरून आली. टोपलीतून तिनं एक घडी काढली. "जाऊबाईनं देलं बाजारात. काई बोलली नाई. हातात कोंबलं अन् पदर वढून चालली गेली."

कापड मोतिया रंगाचं होतं. मी तर आनंदानं ओरडलेच, "मोठीआई, उजेडाचं!" तिनं ते हातात घेतलं, पण नाकाला लावलं नाही. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरून एकदा चोळलं. कोऱ्या कापडाची खळ करकरली. ती करकर मला आजही ऐकू येते. कडेला दुकानाच्या कात्रीची सरळ रेघ होती.

ती खाली बसली. वडील शाळेतून येईपर्यंत तशीच बसून होती, कापड मांडीवर घेऊन. वडील आले तेव्हा म्हणाली, "मास्तर, माही गंगू गेली."

"काय बोलता वैनी!" वडील चिडलेच. "कोणी सांगितलं?"

तिनं कापड पुढे केलं.

"अहो, चांगलं नवं कापड पाठवलं आहे. कापडावरून कोणी माणूस गेलं म्हणतं काय?"

"माह्या लेकीनं वाकयीले कोरं कापड धाडलं नसतं. जित्तेपनी नाई."

वडील दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघाले. अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंत आगगाडी, मग अमरावती, तिथून तिवशाची सर्व्हिस मोटार. परत आले तेव्हा दिवेलागण व्हायची होती. त्यांनी टोपी खुंटीला अडकवली आणि खुंटीकडेच तोंड करून उभे राहिले.

"पाय धुऊन घ्या मास्तर," मोठीआई म्हणाली. "मले मालूम हाय."

पावसाळी तापानं गंगूताई पोळ्याच्या आधीच गेली होती. विहीणबाई वडिलांच्या समोर आल्या, ओट्यावर बसल्या आणि रडल्या. जिती असताना कधी धाडली नाही, आता मेल्याचा सांगावा कोणत्या तोंडानं धाडायचा, म्हणून त्यांनी दिवस काढले होते. जाऊबाईंकडे पार्बतीनं पोचवलेलं मागणं तसंच पडून होतं. वाकळ अपुरी राहू नये, म्हणून त्या बापडीनं दुकानात जाऊन मोतिया रंग शोधून शोधून घेतला. रंग अगदी अचूक निवडला होता. त्या शेतीवाडीच्या घरात कोऱ्या कापडाचा नेम तिला माहीत नव्हता असं नाही. पण उजेडाचं जुनं काही उरलंच नव्हतं.

मोठीआईनं सगळं ऐकून घेतलं. तिनं एकच प्रश्न विचारला. "लुगडं कोनतं नेसवलं होतं?"

 वडील म्हणाले, "घाईत सवाष्णीचं हिरवं मिळालं नाही. तिच्या पेटीत चांगलं म्हणून एकच होतं. मोतिया."

मोठीआईनं मान हलवली. "बरं झालं," म्हणाली. "उजेडाचं लेऊन गेली."

मी तिला रडताना पाहिलं नाही. मोठी माणसं म्हणत, तिनं रडायला हवं. दिवाळीच्या आधी पार्बती पुन्हा माहेरी निघाली, तेव्हा मोठीआईनं ती मोतिया घडी तिच्या टोपलीत ठेवली. एका टोकाला मूठभर ज्वारी बांधलेली होती. "जाऊबाईले देजो. म्हनाव, चोयी शिव अन् घाल. माह्या गंगूसाठी लय केलं तिनं." मग पेटीतून वाकळ काढून तिनं मधल्या घराच्या चारी कडा आत दुमडल्या आणि बारीक टाक्यांनी पक्क्या केल्या. मध्ये काही लावलं नाही.

त्यानंतर ती इतरांच्या वाकळी शिवत राहिली, पण झाकली वाकळ पुन्हा कधी मांडली नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या कपड्यांकडे पाहणंही सुटलं. हेडमास्तरीणबाईंनी एकदा आपणहून जुनी पैठणी आणून दिली, तर ती म्हणाली, "ठेवा वो बाई, नेसा आजून." निघताना त्या आईपाशी म्हणाल्या, "यांचा आवाज किती मऊ झालाय!" आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

माझं लग्न अमरावतीला ठरलं. निघायच्या आदल्या दुपारी मोठीआईनं मला आतल्या खोलीत बोलावलं आणि ती वाकळ जमिनीवर पसरली. पूर्ण उलगडलेली मी ती पहिल्यांदाच पाहिली. मी सवयीनं डोळे अर्धे मिटले. चारी बाजूंनी काळोख, त्यात साहेबांचा जांभळा फेटाही होता. त्याच्या आत सांज, हळदीच्या डागासकट. त्याच्या आत उजेडाची एक अरुंद ओळ. आणि मधोमध ते पांढरं रिकामं घर.

"आंधार काठाले, मानूस मंधात," ती म्हणाली. "येवढीच नक्षी होती."

"मी मध्ये काय लावू, मोठीआई?"

"काई नको लावू. मंधात गंगू झोपन. तू जरा बाजूले सरकून झोपजो."

पुढच्याच वर्षी मोठीआई गेली. मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. तिची लुगडी आईनं माझ्यासाठी ठेवली होती. त्यांत उजेडाचं एकही नव्हतं. वाकळ माझ्याकडे आहे. तुमचे आजोबा आयुष्यभर थट्टा करत, की एवढ्या मोठ्या वाकळीत ही कडेलाच का झोपते. अजूनही कडेलाच झोपते.

तेव्हा अनघा, रंग निवडताना नक्षीची काळजी करू नकोस. डोळे अर्धे मिटून पाहा. अंधाराचं पुष्कळ मिळेल, सांजेचं मिळेल. उजेडाचं आधी बाजूला काढून ठेव, ते कमी पडतं. तू पाठवलेली कापडं सुरेख आहेत, हे मला दिसतं आहे. पण त्यांची घडी उलगडताना खळ करकरली, वरचं हलकं पिवळं होतं, आणि तुझा आवाज कानावर पडेपर्यंत मला खाली बसून राहावं लागलं. म्हणून एवढं ऐक. पुढच्या वेळी मला तुझी एखादी जुनी बाही पाठव, कोपरावर विरलेली. निखिलचा शाईचा डाग पडलेला सदरा पाठव. धुतला नाहीत तरी चालेल. कोरं कापड मात्र या म्हातारीला पाठवत जाऊ नका.